पावतीवरचं फॅट: चंद्रीच्या संध्याकाळच्या धारेच्या नोंदी

२१ जानेवारी

बी.एस्सी.च्या दुसऱ्या वर्षाला संख्याशास्त्राचा छोटा प्रकल्प आहे. सरांनी एकच अट घातली, आकडे स्वतःच्या घरातले किंवा गल्लीतले हवेत. वर्गात कुणी लाइट बिलं घेतली, कुणी एसटीच्या वेळा. मी डेअरीच्या पावत्या घेणार आहे, कारण घरात सध्या दुसरा विषयच नाही.

आमचं गाव कागल तालुक्यातलं. गोठ्यात दोन म्हशी, दोन्ही पंढरपुरी. एक भाकड आहे, दुसरी चंद्री दुधाला. तिला व्यायला दोन महिने झाले, रेडी आहे खाली. दूध दोन्ही वेळेला गावातल्या दूध संस्थेत जातं आणि दर दहा दिवसांनी बिल निघतं. डिसेंबरच्या शेवटच्या बिलात संध्याकाळच्या फॅटची (दुधातल्या स्निग्धांशाच्या टक्क्यांची) सरासरी ७.६ होती. जानेवारीच्या पहिल्या बिलात ती ७.१ वर आली. काल दुसरं बिल आलं, तिथेही ७.२.

आईचं म्हणणं सरळ आहे. "फॅट मारत्यात गं ती संस्थेची माणसं. म्हस तीच, वैरण तीच, मग फॅट कुठं गेलं?" आबा म्हणाले, "उसाचं वाडं जास्त झालंय, दुसरं काय." (वाडं म्हणजे उसाच्या शेंड्याचा हिरवा पाला.) दादा काहीच बोलला नाही.

मला या तिघांपैकी कुणाची बाजू घ्यायची नाही. १ ते २० जानेवारीच्या चाळीस पावत्या आहेत, तेवढ्या आधी नीट लावायच्या.

२२ जानेवारी

पावत्या लावण्यातच दिवस गेला. आई त्या चुलीजवळच्या खुंटीला टोचून ठेवते. कागद उष्णतेनं छापला जाणारा असल्यानं चार पावत्यांवरचे आकडे पुसट झालेत. संस्थेत जाऊन सचिवांना विचारलं, त्यांनी रजिस्टर समोर ठेवलं. चारही आकडे मिळाले. एका पावतीवर फॅट '६७' असं होतं, दशांशचिन्ह उडालेलं. रजिस्टरला ६.७. असा एक आकडा तसाच बेरजेत गेला असता, तर सकाळची सरासरी तीन अंकांनी वर गेली असती.

वहीत रकाने आखले: तारीख, वेळ, लिटर, फॅट, एसएनएफ (फॅट सोडून दुधातले बाकीचे घन पदार्थ). म्हशीच्या दुधाचा दर ६.० फॅट आणि ९.० एसएनएफ धरून ठरतो आणि तिथून प्रत्येक पॉइंटला, म्हणजे ०.१ ला, वरखाली होतो. एसएनएफमध्ये वीस दिवसांत फारसा फरक नाही, म्हणून ते बाजूला ठेवलं. सगळा प्रश्न फॅटचा आहे.

आणखी एक गोष्ट लिहून ठेवते. पावतीवरचं दूध म्हणजे म्हशीनं दिलेलं सगळं दूध नव्हे. सकाळच्या दुधातलं अर्धा लिटर आई घरी ठेवते. ते ढवळून घेतल्यावर काढते, त्यामुळे फॅटला धक्का नाही, पण लिटरमध्ये तो अर्धा मिळवायलाच हवा. वीसही सकाळी मिळवला.

२४ जानेवारी

आधी सकाळ आणि संध्याकाळ वेगळी केली. एकत्र सरासरी काढणं चुकीचं ठरलं असतं. आमच्याकडे संध्याकाळची धार साडेचारला आणि सकाळची सहाला. म्हणजे रात्रीचं अंतर साडेतेरा तासांचं, दिवसाचं साडेदहा. अंतर जास्त तेव्हा दूध जास्त आणि फॅट कमी. गोठ्यात हे सगळ्यांना माहीत असतं. आकड्यांतही तेच दिसलं: सकाळची फॅटची सरासरी ६.६८, संध्याकाळची ७.१५.

मग संध्याकाळचे वीस आकडे:

सरासरी ७.१५. मध्यक, म्हणजे क्रमानं लावल्यावर मधोमध येणारा आकडा, ७.४५. बहुलक ७.६, तीन वेळा आलेला. सगळ्यात कमी ६.०, सगळ्यात जास्त ७.९, म्हणजे विस्तार १.९. प्रमाण विचलन, म्हणजे आकडे सरासरीपासून साधारण किती हलतात ते, ०.६६.

सरासरी मध्यकाच्या खाली तीन पॉइंट आहे. म्हणजे काही आकडे तिला खाली ओढतायत. ०.६६ हे प्रमाण विचलनही मला मोठं वाटलं. एकाच म्हशीचं, एकाच वेळेचं दूध, वैरण तीच, आणि फॅट एवढं हलतंय?

चौकट आकृती काढली. ती सगळ्यात लहान आकडा, पहिला चतुर्थक, मध्यक, तिसरा चतुर्थक आणि सगळ्यात मोठा आकडा या पाचांवर उभी राहते. पहिला चतुर्थक (पाव आकडे याच्या खाली) ६.४५, तिसरा (पाऊण आकडे याच्या खाली) ७.६५. चौकट लांब आली, डावीकडे शेपटी फार नाही, एकही आकडा बाहेर पडलेला नाही. आकृती बघून काहीच कळलं नाही. दहा मिनिटं नुसती बघत बसले.

२५ जानेवारी

आज खोड-पान आकृती काढली. यात पूर्णांक खोड आणि दशांश पान. हातानं, वहीच्या मागच्या पानावर:

६ | ० १ २ ३ ४ ५ ६
७ | ३ ४ ४ ५ ५ ६ ६ ६ ७ ७ ८ ८ ९

आणि तिथेच दिसलं. ६.६ नंतर एकदम ७.३. मधे काहीच नाही. ६.७ नाही, ७.० नाही, ७.१ नाही, ७.२ नाही.

आपण बिलावर वाचतोय ती सरासरी ७.१५, आणि वीस दिवसांत एकाही संध्याकाळी ७.१ किंवा ७.२ फॅट लागलेलंच नाही! सरासरी नेमकी रिकाम्या जागेत पडली आहे. हे दोन वेगळे ढीग आहेत: सात संध्याकाळ ६.० ते ६.६ मधल्या, तेरा संध्याकाळ ७.३ ते ७.९ मधल्या. चौकट आकृतीनं दोन्ही ढीग एकाच चौकटीत झाकले होते. पाच आकड्यांवर उभी राहणारी आकृती मधली फट दाखवूच शकत नाही. पुस्तकात ती नेहमी फार शहाणी वाटते, म्हणून हे मुद्दाम लिहिते आहे.

आबांचं वाड्याचं म्हणणंही इथेच थोडं डळमळीत होतं. वैरणीनं फॅट उतरलं असतं तर ते सगळ्याच दिवशी थोडं थोडं उतरायला हवं होतं, म्हणजे सगळा ढीग खाली सरकायला हवा होता. इथे तेरा संध्याकाळ डिसेंबरसारख्याच आहेत. त्यांची सरासरी काढली तर बरोबर ७.६. उरलेल्या सातांची ६.३.

२७ जानेवारी

आईच्या शंकेचं काय करायचं? तिची शंका मी सोडून देऊ शकत नाही. दिवसातनं दोनदा शेणात पाय घालणारी ती आहे, आकडा कमी लागला की तिलाच लागतं.

म्हणून मशीन तपासलं. संध्याकाळी घरून दूध नीट ढवळून बरणीत घेतलं आणि सचिवांना विनंती करून तेच दूध थोड्या थोड्या वेळानं तीनदा लावलं. मधे दुसऱ्यांची दुधं गेली. ७.५, ७.६, ७.५. म्हणजे मशीनची स्वतःची चूक एखाद्या पॉइंटची. सव्वा अंकाचा फरक मशीनच्या थरथरीतून येणं शक्य नाही.

चौथ्यांदा मुद्दाम न ढवळता, बरणी तशीच ठेवून वरचं दूध काढून लावलं. फॅट एकदम वर गेलं. साय वर येते, एवढंच. पण नमुना कुठून घेतला यावर किती अवलंबून असतं, हे हातानं करून बघितल्याशिवाय पटत नाही. टेस्टर नमुना घेण्याआधी कॅन ढवळतो का, ते तीन दिवस उभी राहून बघितलं. ढवळतो.

घरी येऊन आईला तीन पावत्या दाखवल्या. तिनं त्या हातात घेऊन बराच वेळ बघितल्या. म्हणाली, "मग त्या सात दिवशी काय झालं गं?"

हाच प्रश्न आता माझाही आहे.

२८ जानेवारी

सात तारखा: ३, ४, ८, ९, १३, १७, १८.

पाऊस नाही, आजारपण नाही. आठवड्याचा वारही एक नाही. मी या तारखा जेवताना मोठ्यानं वाचल्या. आईनं भाकरी थापता थापता हात थांबवला आणि म्हणाली, "माझी हजेरीची वही आण."

जानेवारीत आई शेजारच्या गुऱ्हाळावर जाते, गुळाचं आदण उतरतं तसं तिथं काम असतं, रोज नसतं. जाते त्या दिवशी यायला सात वाजतात. वहीत तिच्या अक्षरात गुऱ्हाळाच्या तारखा होत्या: ३, ४, ८, ९, १३, १७, १८.

त्या सातही संध्याकाळी धार दादानं काढली होती.

दादा ताटावरून उठला नाही, पण बोलला. "ती माझ्या हाताला पान्हा चोरते. मी सांगणारच होतो."

३० जानेवारी

काल रात्रभर हेच डोक्यात होतं. पान्हा चोरते म्हणजे नेमकं काय होतं, ते आधी समजून घेतलं.

धार काढताना सुरवातीच्या दुधात फॅट कमी असतं आणि शेवटाकडे वाढत जातं. सगळ्यात दाट दूध शेवटचं. पान्हा सुटतो तो ऑक्सिटोसिन या संप्रेरकामुळे. रेडकू तोंड लावतं, ओळखीचा हात लागतो, ओळखीचा आवाज येतो, तेव्हा ते रक्तात येतं आणि त्याचा जोर काही मिनिटंच टिकतो. जनावर घाबरलं किंवा हात अनोळखी असला की पान्हा अडतो, आणि कासेत मागे राहतं ते नेमकं शेवटचं, दाट दूध. (याच संप्रेरकाचं इंजेक्शन रोज टोचून दूध काढणारे लोक आहेत. आमच्या गोठ्यात ते कधी आलं नाही आणि येऊही नये.)

हे खरं असेल तर आकड्यांत आणखी एक खूण सापडायला हवी. मागे राहिलेलं दूध कुठे जाणार? दुसऱ्या दिवशी सकाळी यायला हवं. म्हणून सकाळचे आकडे 'आदल्या संध्याकाळी धार कुणी काढली' या हिशेबानं वेगळे केले. १ तारखेची आदली संध्याकाळ माझ्या पावत्यांत नाही, ती सोडून एकोणीस सकाळ उरल्या.

आईनं धार काढलेल्या संध्याकाळनंतरच्या बारा सकाळ: फॅट सरासरी ६.५, दूध ४.२ लिटर.
दादानं काढलेल्या संध्याकाळनंतरच्या सात सकाळ: फॅट सरासरी ७.०, दूध ४.७ लिटर.

सकाळचं फॅट वर गेलं तेव्हा घरात कुणाच्या लक्षातही आलं नव्हतं. कमी लागलं की आपण पावती पुन्हा बघतो, जास्त लागलं की खुंटीला टोचतो.

आता प्रमाण विचलन पुन्हा काढलं. आईच्या तेरा संध्याकाळचं ०.१८, दादाच्या सातांचं ०.२२. परवाचं ते मोठं ०.६६ हे चंद्रीचं हलणं नव्हतं, दोन ढिगांमधलं अंतर होतं. एकेका हाताखाली ती अगदी नेमानं दूध देते. हे बघून मला फार बरं वाटलं, का ते सांगता येणार नाही.

३१ जानेवारी

भारित सरासरीचा हिशेब. फॅट हे टक्के आहेत, त्यामुळे टक्क्यांची साधी सरासरी काढण्याआधी मागे दूध किती होतं ते बघावं लागतं. संध्याकाळची साधी सरासरी ७.१५, लिटरनं भारित केली तर ७.२३, कारण दादाच्या दिवशी फॅटही कमी आणि दूधही कमी (२.४ लिटर, आईच्या दिवशी ३.२). चाळीसही पावत्यांची मिळून साधी सरासरी ६.९१, भारित ६.९०. इतका खटाटोप करून शेवटी एका शतांशाचा फरक पडला. पण हे काढल्यावरच कळतं, आधी गृहीत धरता येत नाही.

खरा उपयोग झाला तो टक्के सोडून ग्रॅमकडे गेल्यावर. संध्याकाळ आणि तिच्या पुढची सकाळ अशी जोडी धरली. (लिटरचं किलो करताना म्हशीच्या दुधाला साधारण १.०३ नं गुणायला हवं, इथे तुलनाच करायची म्हणून ते सोडलं.)

आईची जोडी: संध्याकाळी २४३ ग्रॅम फॅट, सकाळी २७३. एकूण ५१६.
दादाची जोडी: संध्याकाळी १५१, सकाळी ३२९. एकूण ४८०.

संध्याकाळी ९२ ग्रॅम कमी आले, त्यातले ५६ सकाळी परत आले, ३६ आलेच नाहीत. दूधही जोडीमागे ०.३ लिटर कमी. कासेत दूध साठून राहिलं की पुढचं दूध तयार होणं मंदावतं, त्यामुळे ही तूट खरीखुरी आहे. पण आईला पावतीवर जेवढी दिसत होती त्याच्या निम्म्याहूनही कमी. नुसत्या संध्याकाळच्या पावत्या बघून बसलो असतो तर तूट अडीचपट मोठी समजलो असतो.

१ फेब्रुवारी

सरांना वही दाखवली. त्यांनी एकच प्रश्न विचारला: "त्या सात दिवशी फक्त हात बदलला होता का?"

नाही. आई नसते तेव्हा आंबोणही (भिजवलेलं खाद्य) उशिरा होतं, पेंड दादा अंदाजानं घालतो, पाणी एकदाच दाखवलं जातं. म्हणजे हात, वेळ आणि खाणं तिन्ही एकदम बदलतात. माझ्या पावत्यांवरून एवढंच म्हणता येतं की आई गुऱ्हाळावर गेलेल्या दिवशी फॅट कमी लागलं. दादाच्या हातामुळे, हे अजून सिद्ध झालेलं नाही. मी ते मनात सिद्ध करून टाकलं होतं आणि दादा तीन दिवस गप्प होता, हे लिहायला हवं.

सरांनी पांडुरंग वासुदेव सुखात्मे यांचं उदाहरण दिलं. १९११ साली सातारा जिल्ह्यातल्या बुधला जन्मलेले संख्याशास्त्रज्ञ. पिकाचा उतारा काढताना शेतात छोटे तुकडे आखून कापणी करतात. तुकडा फार लहान असेल तर कडेवरची रोपं आत धरली जातात आणि उतारा खऱ्यापेक्षा जास्त दिसतो, हे त्यांनी १९४६ च्या सुमारास दाखवून दिलं. हिशेब बरोबर असतो, चूक मोजण्यात शिरते. ऐकल्याबरोबर मला आमचं लिटरचं माप आठवलं. ताज्या धारेवर फेस असतो. फेसासकट मापलं तर दूध जास्त भरतं. आजपासून फेस बसल्यावर मापायचं.

गुऱ्हाळाला आठ-दहा दिवस सुट्टी आहे, आई घरीच आहे. दहा चिठ्ठ्या केल्या, पाच 'आई', पाच 'दादा'. रोज चार वाजता आज्जी एक उचलणार. आंबोण, पेंड, पाणी दहाही दिवस आईच करणार, वेळ साडेचारचीच. बदलेल तो फक्त हात.

६ फेब्रुवारी

आज माझा प्रयोग मोडला, आणि मला त्याचं वाईट वाटत नाही.

२ आणि ३ तारखेला दादाची चिठ्ठी निघाली. फॅट ६.४ आणि ६.५. खाणं, पाणी, वेळ सगळं आईच्या हातचं असूनही. म्हणजे मुद्दा हाताचाच दिसतो. आज तिसऱ्यांदा दादाची चिठ्ठी आली, तेव्हा आईला राहवलं नाही. ती गोठ्यात त्याच्याशेजारी जाऊन बसली. कास कोमट पाण्यानं पुसायला लावली. "अंगठा दुमडून वढू नगंस, तिला दुखतंय. मुठीनं काढ." रेडीला आधी सोडायला लावली, पान्हा पूर्ण सुटेपर्यंत थांबायला लावलं. दादा पूर्वी चार ओढी झाल्या की रेडी बाजूला बांधायचा. "चंद्रे, बस की गं बाई, आपलाच हाय त्यो," असं ती म्हशीशी बोलत होती.

६.९ लागलं.

प्रयोग म्हणून दादाचे पाच आकडे आता एकजात धरता येणार नाहीत, पद्धत मध्येच बदलली. वहीत रेघ मारली आणि कारण लिहिलं. आईला थांबवायला हवं होतं का? मला तसं वाटत नाही.

११ फेब्रुवारी

दहा दिवस पूर्ण.

आईच्या पाच संध्याकाळ: ७.५, ७.७, ७.६, ७.६, ७.६. सरासरी ७.६.
दादाच्या पाच, तारखेच्या क्रमानं: ६.४, ६.५, ६.९, ७.१, ७.३. सरासरी ६.८४.

ही ६.८४ मी प्रकल्पात लिहिणार नाही, किंवा लिहिली तर शेजारी पाचही आकडे क्रमानं लिहीन. सरासरीला क्रम कळत नाही. हेच पाच आकडे उलटे लिहिले तरी ती ६.८४ च येईल, आणि तेव्हा मात्र गोठ्यात काहीतरी बिघडतंय असा अर्थ झाला असता. दादाचं दूधही क्रमानं चढलंय: २.४, २.५, २.८, २.९, ३.०.

एवढ्यावरून 'मुठीनं काढलं म्हणून' की 'चंद्रीला सवय झाली म्हणून' हे वेगळं करता येत नाही. पाच आकडे आहेत, त्यांच्याकडून जास्त वदवून घ्यायचं नाही. शिवाय वेत पुढे सरकेल तसं दूध उतरत जाईल आणि फॅट आपोआप चढेल, त्यामुळे मार्चचे आकडे जानेवारीशेजारी ठेवताना जपावं लागेल.

१४ फेब्रुवारी

गुऱ्हाळ सुरू झालं. आई आज गेली.

जाण्याआधी तिनं कॅलेंडरवर दुधाच्या आकड्याशेजारी एक नवा रकाना आखला, माझी पट्टी घेऊन. त्यात रोज 'आ' किंवा 'दा' लिहायचं. आजचा 'दा' तिनं सकाळीच लिहून ठेवला होता.

साडेचारला दादानं कोमट पाणी घेतलं, रेडी सोडली. मी गोठ्याच्या दाराशी उभी होते, आत गेले नाही. फेस बसल्यावर माप घेतलं, ३.१ लिटर. संस्थेतनं पावती घेऊन दादा आला आणि ती खुंटीला न टोचता माझ्या वहीवर ठेवली. ७.४.

उद्या सकाळचं माप मला घ्यायचं आहे. लिटरचं माप घासून पालथं घातलं.